हाताची चव आणि हुन्नराची तालीम

रेणापूरच्या पंचक्रोशीत लग्नाच्या पंगतीपासून सप्ताहाच्या महाप्रसादापर्यंत ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो, त्या आचाऱ्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही एका समजुतीचा समाचार घेणे आता अपरिहार्य झाले आहे. ती अशी की, पाककला ही हाताला लाभलेली दैवी देणगी असून तिच्यासाठी विद्यालयात वर्षे आणि पैका खर्चणे हा निव्वळ अपव्यय होय. या मताच्या पुष्ट्यर्थ कमलाबाई ओगले यांचे नाव हटकून पुढे केले जाते. त्यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचेच होते आणि १९७० साली निघालेले त्यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक घरोघरी पोहोचले, हे सत्यच. परंतु ‘अंदाजाने घालावे’ या परंपरागत उत्तराच्या जागी त्यांनी वाटी-चमच्याचे निश्चित प्रमाण दिले, हे मात्र सोयीस्कररीत्या विसरले जाते. प्रमाणाची तीच शिस्त विद्यालयात शिकवतात.

शिवाय चव हा या विद्येचा केवळ एक अंश आहे. पातेल्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की आतील अन्न आठपट होते, पण उष्णता बाहेर पडण्याचा पृष्ठभाग चौपटच वाढतो. सबब मोठ्या हंड्यातील भात तासन्‌तास कोमट राहतो आणि उकळीतूनही तगलेले ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू तेथे वाढीस लागून विष निर्माण करू शकतात. ‘पुन्हा एक उकळी दिली की झाले’ हे कितीदा ऐकावे आणि कितीदा खोडावे! उलटी घडवणारे ते विष उकळीनेही नष्ट होत नाही. भात ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राखावा, अथवा उथळ परातींत पसरून त्वरेने थंड करावा, हे ज्ञान कोणी जन्मतः घेऊन येत नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकादशीच्या भगर-आमटीनंतर सुमारे दोन हजार भाविक आजारी पडले. सामुदायिक अन्नाची जबाबदारी किती मोठी असते, हे त्यावरून उमगावे. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवानाधारक व्यावसायिकांसाठी दंडक आहे, तो याचसाठी.

इतर समजुती थोडक्यात.

पदविका मिळाली की शेफ झालो: नव्हे, पदविकेनंतरही आरंभ भाजी चिरण्यापासूनच होतो.

हे शिक्षण श्रीमंतांचेच: औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दहावीनंतरचा एक वर्षाचा खाद्यउत्पादनाचा अभ्यासक्रम आहे.

हॉटेलचा मुदपाकखाना मुलींसाठी नव्हे: मुंबईत दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, महिलांच्याच अन्न परिषदेने उभारली.

मराठवाड्यात सोय नाही: औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशी संस्था १९८९ पासून आहे.

म्हणून पालकांना विनंती एवढीच की, ज्या मुलाच्या वा मुलीच्या हाताला चव आहे, त्याला ‘तुला शिकायचे काय’ असे विचारून परत पाठवू नये. ज्याला उपजत देणगी आहे, त्यानेच तालीम आधी घ्यावी.