ताटाची डावी बाजू (लेखांक ७) : माशाशेजारी काय वाढावं?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, मांजरसुंबा मागे टाकलं, की बालाघाटाच्या पठारावर चौसाळा येतं. समुद्र इथून कुठल्याच दिशेला जवळ नाही. तरी या भागात मासा खाल्ला जातो, तो धरणांचा. माजलगाव, जायकवाडी, मांजरा, उजनी या पाण्यांतला रोहू, कटला, चिलापी आणि नशीब असेल त्या दिवशी मरळ. अलीकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांतून गोठवलेला सॅल्मनही मिळू लागलाय. नोकरीच्या गावाहून येणाऱ्या कुणी तो थर्माकोलच्या डब्यात घालून चौसाळ्याला आणला, तर शिजवायचा कसा हे पाकिटावर लिहिलेलं सापडेल. त्याच्या शेजारी वाढायचं काय, हे मात्र पाकीट सांगत नाही. ते काम आपल्या ताटाच्या डाव्या बाजूचं आहे.

गेल्या आठवड्यात मटणाचं पाहिलं. मटणाच्या रश्श्याचा तवंगच इतका जबरदस्त असतो, की कांदा-लिंबाच्या पुढे फार विचार करावा लागत नाही. माशाचं तसं नाही. माझ्या मते माशाला एकच प्रश्न आधी विचारावा: तुझ्या अंगात तेल किती? रोहूच्या १०० ग्रॅम मांसात चरबी साधारण एक ते तीन ग्रॅम. समुद्रातल्या पिंजऱ्यात खाऊ घालून वाढवलेल्या सॅल्मनमध्ये तेवढ्याच वजनाला तेरा ग्रॅमच्या आसपास. दुकानात मिळतो तो बहुतेक हाच. मोकळा फिरणारा अटलांटिक सॅल्मन पोहून पोहून सडपातळ होतो. त्याच्यात साधारण सहा. म्हणजे नाव दोघांचंही मासा, पण एकाला तेल द्यायचं आणि दुसऱ्याचं तेल कापायचं.

आधी आपला रोहू. तोही मूळचा इथला नव्हे, गंगेच्या खोऱ्यातला. साठलेल्या पाण्यात ही जात आपण होऊन अंडी घालत नाही, म्हणून तळ्यांना बोटुकलीसाठी, म्हणजे माशाच्या पिलांसाठी, नदीवर अवलंबून राहावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावलं आणि बीज हवं तिथे तयार करता येऊ लागलं. मराठवाड्याच्या धरणांत रोहू-कटल्याची बोटुकली सोडली जाते, तिच्यामागे ते इंजेक्शन आहे. (चिलापी आणखी लांबची, आफ्रिकेतली. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिला इंजेक्शन लागत नाही, उलट आवरावं लागतं.)

धरणाच्या माशावर लोक नाक मुरडतात ते मातकट वासामुळे. त्या वासामागचं मुख्य द्रव्य म्हणजे जिओस्मिन. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात आणि माशाच्या अंगात ते मुरतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तोही याचाच. तिथे आपण डोळे मिटून हुंगतो आणि ताटात तोच वास आला की ताट सरकवतो! आंबटाच्या संगतीत जिओस्मिन मोडतं. आपल्याकडे कालवणात चिंचेचा कोळ घालतात तो नुसत्या चवीसाठी नाही. कोकम या भागात पिकत नाही, पण चिंच घरची आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय.

आंबटाची सोय कालवणातच झाली, म्हणजे डाव्या बाजूला राहिलं तेल. जवसाची किंवा कारळाची चटणी, वर कच्च्या करडईच्या तेलाची धार. जवसाच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं; रोहूची कमी ते भरून काढतं. जवस खाल्लं की सॅल्मन खाल्ल्यासारखंच, असं हल्ली सांगतात, ते मात्र पुरतं खरं नाही. दोघांतही ओमेगा-३ आहे, पण जवसातलं वेगळ्या प्रकारचं, आणि शरीर त्यातलं थोडंच माशातल्यासारखं करून घेऊ शकतं. चटणी चवीसाठी खावी. तेवढं कारण पुरे आहे.

सॅल्मनला हीच चटणी वाढली की घोटाळा. तेलावर तेल. शेंगदाण्याची चटणीही त्या दिवशी डब्यातच राहू द्यावी. त्याला लागतं आंबट आणि थोडं कडू, आणि ते शोधायला मॉलमध्ये जायचं कारण नाही; बाजारात चुक्याची जुडी मिळते. फ्रान्समध्ये रोआन गावच्या त्र्वाग्रो बंधूंनी १९६०च्या दशकात सॅल्मनची एक डिश केली, ती पुढे जगभर गाजली. सॅल्मनचे पातळ काप, तेल न घालता तव्यावर क्षणभर टाकलेले, आणि खाली सायीच्या सॉसमध्ये एका आंबट पाल्याची पानं. तो पाला आपल्या चुक्याचा सख्खा चुलतभाऊ, दोघंही रुमेक्स वंशातले. आंबटपणा दोघांतही ऑक्झॅलिक आम्लाचा.

आता चुका आपण करतो तो डाळ-शेंगदाणे घालून, बेसन लावून घट्ट. सॅल्मनशेजारी हा थाट नको. चमचाभर तेलात लसूण आणि एक हिरवी मिरची, त्यावर चिरलेला चुका. तो पाहता पाहता विरघळतो आणि रंगाने मळकट होतो, होऊ द्यावा. मीठ घालावं, गूळ नावापुरता, आणि उतरवावं. साय घालायची गरज नाही, माशाचं तेलच साय आहे. चुका नसेल तर अंबाडी चालते, पण ती जास्त कडक आंबट. आधी उकडून पाणी काढावं.

कडूसाठी मेथीचा घोळाणा. कोवळी कच्ची मेथी, कांदा, मीठ, लिंबू. एरवी त्यात दाण्याचं कूट आणि कच्चं तेल असतं, ते इथे वगळायचं. मुळ्याच्या चकत्याही छान. ठेचा? जीभ भाजल्यावर सॅल्मनची नाजूक चव कळणार नाही, असं माझं मत. चौसाळ्यात ते कुणी मानेल याची मला खात्री नाही.

भाकरी ज्वारीचीच. बाजरीला स्वतःचं तेल आणि स्वतःचा वास असतो, ती सॅल्मनशी भांडते. मालदांडीची पांढरी भाकरी किंचित गोड आणि समजूतदार. रोहूच्या बाबतीत मात्र भाकरी कालवणात चुरू नये. त्याच्या मांसात बारीक दुशाखी काटे असतात, ते चुऱ्यात बोटांना लागत नाहीत. लहान मुलांना रोहू काटे काढून भाताबरोबरच द्यावा, मोठ्यांनी भाकरी रश्श्यात बुडवून खावी आणि तुकडी वेगळी सोडवावी.

दुकानात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून रावस देतात. तो सॅल्मनचा कुणी लागत नाही. चांगला मासा आहे, पण त्याच्यात सॅल्मनइतकं तेल नाही. त्याला थोडी चटणी आणि थोडं लिंबू, दोन्ही चालतं.

राहिला दह्याचा प्रश्न. युरोपात सॅल्मनवर आंबट साय घालतात, बंगालात दह्यातला दोई माछ करतात, आणि आपल्याकडे मासे असले की दह्याची वाटी सुद्धा फडताळात जाते. चरकसंहितेने विरुद्ध आहारात माशांबरोबर धरलंय ते दूध. दही त्या ओघात अडकलं असावं. तरी घरात आजीला चालणार नसेल, तर काकडीच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू पिळावं. सॅल्मनला फरक पडत नाही, आणि आजीही जेवायला बसते.