उंदरांचा मेंदू आणि खिशातला मोबाइल

‘मोबाइलमुळे उंदरांच्या मेंदूत गाठी’ अशी बातमी आली की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, “कानाला लावू नकोस ते!” नातू म्हणतो, “काही होत नाही.” विद्यार्थी मित्रहो, खरे कोणाचे? याचा निवाडा मथळ्यावरून होत नाही. त्यासाठी प्रयोगच तपासावा लागतो.

प्रथम भौतिकी पाहू. मोबाइलमधून रेडिओ तरंग बाहेर पडतात. प्रकाश आणि क्ष-किरण हे त्यांचेच भाऊबंद. फरक आहे तो कंप्रतेचा. प्लांकच्या स्थिरांकाला कंप्रतेने गुणले की एका फोटॉनची ऊर्जा मिळते. ९०० मेगाहर्ट्झला ती सुमारे ०.०००००३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. रेणूतील बंध तोडण्यास काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जवळजवळ दहा लाख पट ऊर्जा लागते. म्हणून क्ष-किरणांप्रमाणे हे तरंग पेशींतील डीएनए थेट तोडू शकत नाहीत. त्यांची ऊर्जा शरीरात शोषली जाते आणि तिची उष्णता होते.

ही ऊर्जा किती वेगाने शोषली जाते, ते दर किलोग्रॅममागे वॉटमध्ये मोजतात. त्याला विशिष्ट शोषण दर म्हणतात. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात हँडसेटसाठी १.६ वॉट ही मर्यादा लागू झाली. आपला सुमारे १.४ किलोग्रॅमचा मेंदू स्वतःच साधारण २० वॉट शक्ती वापरतो, म्हणजे दर किलोग्रॅमला १४ वॉट! ती उष्णता रक्त वाहून नेते. त्यामानाने १.६ हा आकडा लहान आहे. परंतु उष्णतेखेरीज आणखी काही परिणाम होत असेल तर? हे माणसावर करून पाहता येत नाही, म्हणून उंदरांकडे वळावे लागते.

उंदीर काय सांगतात?

२००३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथील मेंदू-शल्यविशारद लेफ सालफोर्ड यांच्या गटाने ३२ उंदरांवर प्रयोग केला. दोन तास तरंग दिलेल्या उंदरांच्या मेंदूत ५० दिवसांनी त्यांना इजा झालेल्या चेतापेशी आढळल्या. जगभर खळबळ उडाली. पण २००९ मध्ये इतर प्रयोगशाळांनी हे प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

याहून मोठा प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने केला. त्याचे अंतिम अहवाल २०१८ मध्ये आले. उंदरांच्या सर्वांगावर, आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षे, रोज सुमारे नऊ तास तरंग सोडले. दर किलोग्रॅमला १.५, ३ व ६ वॉट अशा तीन मात्रा होत्या. प्रत्येक गटात ९० नर. एका प्रकारच्या तरंगांखाली अनुक्रमे ३, ३ व २ नरांच्या मेंदूत ग्लायोमा ही गाठ आढळली. तरंग न दिलेल्या ९० नरांत एकही नाही. मेंदूबाबत ‘काही पुरावा’ आणि हृदयातील चेतांच्या गाठींबाबत ‘स्पष्ट पुरावा’ असा निष्कर्ष निघाला.

आता हे आकडे पुन्हा पाहा. मात्रा चौपट झाली, तरी मेंदूतील गाठी वाढल्या नाहीत. शिवाय तरंग न दिलेले नर आधी मेले! गाठी बहुधा उतारवयात होतात. मग लवकर मेलेल्यांत त्या कमी दिसल्या, तर नवल काय?

तरीही हा पुरावा टाकून देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२५ मधील आढाव्याने नर उंदरांतील या गाठींच्या पुराव्याला उच्च विश्वासार्हता दिली. उलट, तिच्याचसाठी माणसांवरील ६३ अभ्यासांचा जो आढावा २०२४ मध्ये निघाला, त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. उंदराच्या सर्वांगाला मिळालेली मात्रा आणि आपल्या कानाजवळची मात्रा एक नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे.

मते मोजून भागत नाही

पक्षी, मधमाश्या व इतर वन्य जीवांवर टॉवरचा काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये एक समिती नेमली होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक असद रहमानी तिचे अध्यक्ष होते. समितीने ९१९ शोधनिबंध गोळा केले. त्यांपैकी ५९३ निबंधांत परिणाम दिसला, १३० मध्ये दिसला नाही, तर १९६ अनिर्णित होते. म्हणून ‘परिणाम’ निवडून आला का? नाही. विज्ञान ही ग्रामपंचायतीची निवडणूक नव्हे. नीट केलेला एक प्रयोग शंभर ढिसाळ प्रयोगांवर भारी पडतो.

तेव्हा अशी बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा : मात्रा किती होती? तुलनेसाठी तरंग न दिलेला गट होता का? प्राणी किती होते? आणि तोच निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत मिळाला का?

तोवर थोडी सावधगिरी फुकटच आहे. अंतर वाढले की शोषण झपाट्याने घटते. म्हणून लांबलचक बोलणे इअरफोनवर करावे. गगनबावड्याच्या घाटात सिग्नल क्षीण असतो, तेव्हा टॉवर गाठण्यासाठी हँडसेट अधिक शक्तीने तरंग सोडतो. तेथे बोलणे आटोपते घ्यावे. ‘*#०७#’ हा क्रमांक फिरवून आपल्या हँडसेटचा शोषण दर पाहा, वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा आणि ते १.६ च्या किती खाली आहेत, ते तपासा. आजी आणि नातू या दोघांनाही दाखवण्याजोगे काहीतरी तुमच्या हाती येईल.