पित्ताशय काढलं, तरी पोट दुखतंच

पित्ताशय काढून सहा महिने होतात, टाके भरून येतात, तरी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येतेच. घरचे विचारतात, ‘खडे तर काढले, मग आता काय दुखतंय?’ हे दुखणं मनाचा खेळ नाही आणि दुर्मीळ तर मुळीच नाही. नेदरलँड्समधल्या हजारावर रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या बहुतेकांचं पित्ताशय काढलेलं होतं. वर्षभरानं चाळीसेक टक्के रुग्णांचं पोट दुखतच होतं.

याचं कारण बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच दडलेलं असतं. पोट आम्लपित्तानं किंवा आतड्याच्या विकारानं दुखत असतं, सोनोग्राफीत खडे दिसतात आणि सगळा दोष त्यांच्या माथी येतो. मग पित्ताशय जातं, मूळ दुखणं राहतं.

कधी मात्र खडा खरोखरच मागे राहिलेला असतो, पित्तनलिकेत. तो शोधायला रक्तातली यकृताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करतात. सापडला तर दुर्बिणीतून काढता येतो.

पित्तनलिकेच्या तोंडाशी एक छोटा वर्तुळाकार स्नायूही असतो. रुग्गेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्यानं १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो आवळला गेल्यानं दुखतं, असं मानून तो कापण्याची पद्धत अनेक वर्षं चालली. अमेरिकेत २१४ रुग्णांवर याची कसोटी घेतली गेली. त्यांच्या तपासण्यांत ठोस दोष नव्हता. काहींचा स्नायू कापला, काहींवर कापण्याचा नुसता देखावा केला. २०१४ मध्ये निकाल आला: कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम, न कापलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना! शिवाय या प्रक्रियेत स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तपासण्या निर्दोष असताना हा स्नायू कापून घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

एक साधी गोष्ट मात्र हमखास राहून जाते. रुग्णाला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं आणि मान उचलायला सांगायचं. दुखणं वाढलं, तर ते बहुधा पोटाच्या आतलं नसून भिंतीतलं, व्रणाजवळ अडकलेल्या नसेचं असतं. तिथं भूल देणारं इंजेक्शन दिलं की अनेकांना आराम पडतो.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या.