साबणाची बेगमी करा, पण जपून



धान्य, डाळी, मिरची, हळद, पापड-कुरडया यांची बेगमी कशी करावी हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. पण पीक विकून हाती चार पैसे आले की तालुक्याच्या बाजारातून वर्षाचा साबणही येतो, आणि तो मात्र जागा मिळेल तिथे पडतो. चुलीवरच्या फळीवर, पत्र्याखालच्या माळ्यावर, नाहीतर खताच्या पोत्यांशेजारी. सहा-आठ महिन्यांनी वडी काढावी तर वास उडालेला, अंगावर तांबूस डाग पडलेले. मग बोल लागतो दुकानदाराला. बहुतेक वेळा दोष असतो तो साठवणुकीचा.

अंघोळीच्या साबणाची थोडी हेळसांड खपून जाते. दाढीच्या साबणाची तशी खपत नाही. वस्तरा फिरताना कातडीचा वरचा पापुद्रा सोलवटतो, त्याच जागी हा साबण लागतो. तो खवट झाला असेल तर फेस नीट धरत नाही, पाते ओढते, तोंडाची आग होते. म्हणून घरच्या लक्ष्मीने आणि कारभाऱ्याने दोघांनीही पुढच्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

साबण बिघडतो कशाने?

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांचा मिलाफ. चरबीत काय काय असते हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले. कॉस्टिक सोडा वापरला की साबण घट्ट होतो, कॉस्टिक पोटॅश वापरला की मऊ. दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात, शिवाय स्टिअरिक आम्ल भरपूर असते. त्यामुळेच त्याचा फेस सायीसारखा दाट होतो आणि लवकर बसत नाही.

स्टिअरिक आम्ल सहसा खवट होत नाही. पण साबणात उरलेले पातळ तेलाचे अंश हवेने हळूहळू खवट होतात. उघड्यावर राहिलेले शेंगदाणे किंवा सुके खोबरे जसे कडवट होते, तसाच हा प्रकार. त्याला चार गोष्टींची साथ मिळते : ऊन, उष्णता, मोकळी हवा आणि लोखंड किंवा तांबे यांचा संसर्ग. साबणातला सुगंध तर आणखी लवकर उडतो, कारण सुगंधी तेल मुळातच उडून जाणारे असते.

ठेवावा कुठे आणि कशात?

साबण मूळ वेष्टनातच राहू द्या. वरून मेणकागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा आणि काचेच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा. गंजलेला पत्र्याचा डबा नको. तांब्या-पितळेचे भांडेही नको. उंदराला साबणातली चरबी आवडते, तेव्हा नुसत्या कागदी खोक्यावर विसंबू नका.

डबा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी असावा. मातीच्या भिंतीतले फडताळ उत्तम, पण ती भिंत ओल धरणारी नसावी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. तिथे साबण ठेवू नये. कोकणात दुसरीच अडचण. साबणातले ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते आणि पावसाळ्यात वडीला घाम फुटतो. अशी वडी बिघडली असे समजू नका. कोरड्या फडक्याने पुसा, वाऱ्यावर सुकवा आणि पुन्हा बंद करा.

धान्य, पीठ आणि चहा यांच्याजवळ साबण ठेवू नका. साबणाचा वास त्यांना लागतो. डांबरगोळ्यांशेजारी ठेवलात तर त्यांचा वास साबणाला लागेल.

आणि एक गोष्ट कायमची : कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात साबण ठेवू नये. डब्यात राहिलेला अंश साबणाला लागेल आणि तोच साबण तोंडावर चोळला जाईल. औषधाची खोली वेगळी आणि साबणाचे फडताळ वेगळे, ही शिस्त घरातल्या प्रत्येकाला लावा.

किती घ्यावा?

स्वस्त मिळाला म्हणून खोकेभर आणू नका. नवी वडी उघडाल त्या दिवशी वेष्टनावर पेन्सिलीने तारीख लिहा. ती चार महिने पुरली तर एका माणसाला वर्षाला तीनच वड्या लागतात. विकत घेताना तयार केल्याचा महिना आणि वर्ष पाहा. डब्यात जुनी वडी वर, नवी खाली, आणि जुनी आधी वापरायची. ट्यूबमधल्या क्रीममध्ये पाणी पुष्कळ असते, म्हणून तिची साठवण फार करू नये आणि छापलेली मुदत उलटू देऊ नये.

अंघोळीच्या साबणाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो ठेवल्याने सुकतो, वजनाला थोडा उतरतो, पण घट्ट झाल्यामुळे कमी झिजतो. त्याच्या वेष्टनावर टी.एफ.एम. म्हणजे स्निग्धांशाचे प्रमाण छापलेले असते. भारतीय मानकानुसार टॉयलेट साबणाच्या पहिल्या प्रतीत ते निदान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० टक्के असावे लागते. घेताना हा आकडा वाचा.

रोजच्या वापरात

दाढी झाली की साबणाच्या वाटीतले पाणी ओतून टाका. वाटी उघडी ठेवून वडी सुकू द्या, मगच झाकण लावा. ओल्या वडीवर झाकण घातले की ती लिबलिबीत होते. उलट फार दिवस पडून वडीला तडे गेले असतील तर वरून चमचाभर कोमट पाणी घालून पाच-दहा मिनिटे थांबा. फेस पुन्हा येतो.

ब्रश झटकून, केस खाली करून टांगा. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून काळपुळी, म्हणजे जनावरांना होणारा फाशी रोग, माणसांना झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. तेव्हा ब्रश स्वच्छ हवाच. पाते तर ज्याचे त्याचेच असावे. हेपॅटायटीस-बी या काविळीचे विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतात. बाप-लेकांनी किंवा भावाभावांनी एकच ब्लेड वापरणे धोक्याचे. गावातल्या केशकर्तनालयातही नवे पाते लावायला सांगण्यात संकोच कसला?

बिघडलेला ओळखावा कसा?

वडी नाकाशी धरा. जुन्या तेलाचा वास आला, अंगावर नारिंगी ठिपके दिसले, तर ती दाढीला वापरू नका. फेकायचीही गरज नाही. कपड्यांना आणि अवजारांचे हात धुवायला ती चालते. नुसता सुगंध उडाला असेल, पण खवट वास नसेल आणि फेस चांगला येत असेल, तर ती वडी खुशाल वापरावी.

येत्या बाजाराला जाण्यापूर्वी घरातल्या साऱ्या वड्या एकदा खाली काढा, वास घ्या, तारखा पाहा, आणि किती कमी पडतात ते मोजूनच पैसे खर्च करा.