सुई टोचली म्हणून गादी उगवत नाही

बारडोलीच्या ऊसपट्ट्यात हंगामाला डांग, धुळे, नंदुरबारकडून तोडणीवाले उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. वाकून बुडख्यापाशी ऊस छाटायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. बाबेनच्या सहकारी कारखान्याची चाकं फिरताहेत तोवर हेच. चाळिशीतच ही माणसं ‘गुडघे गेले’ म्हणू लागतात. सुरतेत उधना-लिंबायतकडे मागावर उभ्यानं पाळी करणारे खानदेशीही तेच म्हणतात. अशा माणसाच्या हाती ‘ऑपरेशनशिवाय गुडघा नवा’ अशी जाहिरात पडली, तर तो पैशांची जुळवाजुळव करणारच.

जाहिरातीतलं ‘ऑपरेशनशिवाय’ खरं आहे. गोची आहे ती ‘नवा’पाशी.

या जाहिरातींमागे असतात ती इंजेक्शनं, आणि त्यांत सगळ्यात जास्त दिलं जातं ते पीआरपी. दंडातून थोडं रक्त काढतात, नळी यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो. त्यातला प्लेटलेट्स दाटलेला भाग सुईनं सांध्यात सोडतात. प्लेटलेट्समधून जखम भरून आणणारी द्रव्यं सुटतात हे खरंच. पण गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, हे वेगळंच प्रकरण आहे. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून एकदा झिजली की ती कातडीसारखी भरून येत नाही.

मग इंजेक्शननं ती भरते का? ऑस्ट्रेलियातल्या ‘रिस्टोअर’ चाचणीचे निकाल 2021 मध्ये आले. पन्नाशी ओलांडलेले, झीज सौम्य ते मध्यम असलेले 288 जण घेतले. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली, काहींना पीआरपी आणि काहींना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं ते रुग्णाला ठाऊक नाही. वर्षानं पाहिलं तर दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच उतरलं होतं आणि एमआरआयवर कूर्चेतही म्हणण्याजोगा फरक नव्हता. सलाईनवाल्यांनाही बरं वाटलं, हे लक्षात ठेवा. ‘आमच्या वहिनींना गुण आला’ हे खोटं नसतं. तो गुण सुईतल्या द्रवाचाच होता, एवढं मात्र त्यावरून ठरत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही लहान चाचण्यांत, झीज फार नसेल तेव्हा, पीआरपीनं काही महिने आराम पडल्याचं दिसलंय. त्यामुळे तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ते देऊच नका असं सांगितलं. अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना तितकी कडक नाही. पीआरपी नाव एक असलं, तरी रक्त किती वेळ फिरवलं, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर नळीत उतरणारं द्रव्य बदलतं, हीही त्यातली एक अडचण. कोयता चालवून कोपर धरतं, त्यासाठीही ते देतात. तिथंही 2021 च्या कॉक्रेन आढाव्याला बहुधा काही खास फायदा नाही असंच दिसलं.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ हे तर घरोघरी ऐकू येतं. ते संपत नसतं; झिजेत त्याची प्रत उतरते. वंगण म्हणून जेल भरतात तो प्रकार वेगळा, त्यानंही गादी उगवत नाही.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याचा भाव याहून मोठा, दावेही मोठे. 2023 मध्ये एका अमेरिकी चाचणीत अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशी साध्या स्टेरॉइड इंजेक्शनसमोर उभ्या केल्या. वर्षअखेर एकीनंही त्याला मागं टाकलं नाही. आपल्याकडे 2022 मध्ये गुडघेदुखीसाठी बंगळुरूच्या एका कंपनीच्या स्टेम सेल औषधाला औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ती त्या एका औषधाला आहे. क्लिनिकमध्ये पोटाची चरबी काढून तिथंच टोचणाऱ्याला नाही. मान्यताप्राप्त चाचणीत स्टेम सेल देत असतील, तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून ‘प्रयोग चालू आहे, लाखभर भरा’ असं कुणी म्हणालं, की तिथून उठावं.

‘आपलंच रक्त, मग धोका कसला?’ सांध्यात सुई गेली की जंतू जाण्याची शक्यता, थोडी का होईना, असतेच. दोन-तीन दिवस ठणका वाढतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगावं. काही वेदनाशामक गोळ्या प्लेटलेट्सचं काम मंदावतात, म्हणून त्या आधी काही दिवस थांबवायला सांगतात. रोज गोळी खाऊनच फडात उतरणाऱ्याला हे कसं जमायचं, हे विचारायला तिथं कुणाला सवड नसते.

अस्थिबंध पूर्ण तुटला असेल किंवा सांध्यातली फाटलेली चकती (मेनिस्कस) अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर इंजेक्शनांत वेळ घालवू नये. दोन हाडं एकमेकांवर टेकली असतील तरी तेच. हाडं टेकलीत का, हे कळायला उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला एक्स-रे लागतो. झोपवून काढलेल्यात फट खोटी दिसते.

व्यायामानं गुडघा जास्त झिजतो हाही गैरसमजच. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं उतरतं आणि याचा पुरावा पीआरपीपेक्षा कितीतरी पक्का आहे. वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. अर्थात हा सल्ला दुकानात बसणाऱ्याला. तोडणीवाल्याच्या अंगावर उतरवायला वजन नसतं, त्याच्या डोक्यावर मोळी असते. आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत ‘विश्रांती घ्या’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

आणि सांधा बदलायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2017 पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे; तेव्हा नेहमीच्या वापरातल्या सांध्यासाठी ती 54,720 रुपये, अधिक जीएसटी, अशी ठरली. आयुष्मान भारतच्या यादीत ही शस्त्रक्रिया आहे, आणि नंदुरबारला काढलेलं त्याचं कार्ड योजनेतल्या सुरतेच्या रुग्णालयातही चालतं. इंजेक्शनासाठी उचल वाढवून घेण्याआधी त्या रुग्णालयात एकदा चौकशी करावी.