तबकडी आणि सुई (लेखांक ५) : कार्ट्रिज कोणतं घ्यावं?

मागच्या आठवड्यात आपण टोनआर्मची रचना पाहिली. आज त्याच्या टोकाला बसणाऱ्या कार्ट्रिजविषयी. रेकॉर्डच्या खाचेतून जाताना सुई थरथरते आणि त्या थरथरीची वीज हा इवलासा भाग करतो. इथे जे निसटलं, ते पुढे कितीही भारी स्पीकर लावले तरी परत मिळत नाही. ‘सगळ्यांत चांगलं कार्ट्रिज कोणतं?’ या प्रश्नाला मात्र एकच उत्तर नाही. आपला अँप्लिफायर, आपला आर्म आणि आपल्या रेकॉर्ड, या तिघांशी जे जुळेल तेच चांगलं.

आधी अँप्लिफायर पाहू. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे ‘एमएम’ प्रकारात सुईच्या दांडीवर चिमुकलं चुंबक हलतं. मूव्हिंग कॉइल, म्हणजे ‘एमसी’ प्रकारात तारेची वेटोळी हलतात. एमएम साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं, तर बहुतेक एमसी अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत. म्हणून एमसीला जास्त ताकदीचा फोनो प्रीअँप लागतो. शिवाय एमएममध्ये झिजलेली सुई ओढून काढून नवी बसवता येते. एमसीमध्ये बहुधा अख्खं कार्ट्रिजच बदलावं लागतं. पहिल्या खरेदीसाठी माझा कौल एमएमला.

सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते आर्मकडे. सुईची दांडी लवचीक असते आणि तिच्यावर आर्मचं वस्तुमान असतं. त्यामुळे या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या ठरते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. खाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे तिला गाठतात आणि सुई डगमगते. फार वर गेली तर खर्जातल्या सुरांत ढवळाढवळ होते. हिशेब सोपा आहे. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला सुईच्या १० हर्ट्झला मोजलेल्या लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. एकूण १७ ग्रॅम आणि लवचीकता १५ असेल तर उत्तर १० हर्ट्झच्या आसपास येतं, म्हणजे जोडी जमली. त्याच आर्मला ३५ लवचीकतेचं तितक्याच वजनाचं कार्ट्रिज लावलं तर उत्तर साडेसहावर घसरतं. उलट, डेनॉनचं १९६० च्या दशकापासून चालत आलेलं डीएल-१०३ ताठ सुईचं आहे. ते जड आर्मवरच खुलतं.

आता रेकॉर्ड. एलपीसाठी गोल टोकाची सुई चालते. लंबगोल टोकाची सुई खाचेतले बारकावे अधिक टिपते, विशेषतः रेकॉर्डच्या आतल्या वेढ्यांत. पण आपल्याकडे अनेक घरांत बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत. त्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची साधारण १८ मायक्रॉनची सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. तिथे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुईच हवी. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एलपीची आणि ७८ ची सुई एकाच कार्ट्रिजवर आलटूनपालटून बसते. मात्र ७८ च्या सुईला ५ ग्रॅम भार लागतो, एलपीच्या सुईला २ ग्रॅम. प्रत्येक अदलाबदलीला भार नव्याने लावायलाच हवा. या तबकड्या ऐकताना अँप्लिफायरचं मोनो बटणही दाबा. त्यांचं ध्वनिमुद्रण आडव्या कंपनांतलं असल्याने उभ्या दिशेची बरीच खरखर त्याने गळून पडते.

शेवटी सुईचं आयुष्य. हीच कंपनी आपल्या लंबगोल सुईला साधारण ३०० तास देते, गोल सुईला ५००. म्हणून खरेदीआधी बदली सुईची किंमत विचारा आणि ती आपल्याकडे मिळते का, याची खात्री करा. दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्या : फोनो प्रीअँपचा प्रकार, आर्मचं परिणामी वस्तुमान आणि घरातल्या रेकॉर्ड कोणत्या वेगाच्या आहेत. आजोबांच्या काळातल्या तबकड्या असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी सुई घेतल्याशिवाय त्या वाजवू नका.

(पुढील आठवड्यात : कार्ट्रिज बसवणं आणि सुईचा भार लावणं)