एरंडाचें बीं आणि प्रथिनांचा कारखाना



निष्फळ बडबडीस आपण 'एरंडाचें गुऱ्हाळ' म्हणतों. दौंड तालुक्यांत उसाचीं खरीं गुऱ्हाळें आहेत; आणि तेथील बांधांवर, तसाच शिरूरकडे घोडनदीच्या कांठच्या पडीक जमिनींत, एरंडहि न लावतां उगवतो. माझें आजचें भाषण या एरंडासंबंधींच आहे. तें त्या म्हणीप्रमाणें निष्फळ होऊं नये, एवढीच इच्छा.

एरंडाचें बीं गुळगुळीत, ठिपकेदार व दिसण्यांत मोहक असतें. सुटींत गांवीं गेलेलें मूल तें खेळावयास वेंचतें आणि कधीं तोंडांतहि टाकतें. अशीं थोडींशीं बियाणें चावून खाल्लीं तरी जीव धोक्यांत येतो. असें कां व्हावें? उत्तरासाठीं पेशीच्या आंत डोकावलें पाहिजे.

आपल्या शरीराची झीज भरून काढण्यास प्रथिनें लागतात, आणि तीं पेशींत अहर्निश तयार व्हावीं लागतात. हें काम 'रायबोसोम' नांवाचे सूक्ष्म कण करतात. एकेका पेशींत ते लक्षावधि असतात. जॉर्ज पॅलेड यांनीं १९५५ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें त्यांचें वर्णन केलें.

कल्पना करा कीं, दौंडसारख्या जंक्शनांत एक गाडी जुळवावयाची आहे. कोणत्या डब्यामागें कोणता डबा, याची मूळ वही कचेरींत कुलुपबंद असते. यार्डांत येते ती तिची नक्कल. पेशींतील मूळ वही म्हणजे डीएनए, आणि नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. तिच्यांत अक्षरें चारच. परंतु तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द केल्यानें ६४ शब्द होतात. त्यांपैकीं ६१ शब्द २० प्रकारच्या अमिनो आम्लांचीं नांवें सांगतात, व उरलेले तीन 'आतां थांबा' असा हुकूम देतात. रायबोसोम ही नक्कल शब्दशः वाचीत पुढें सरकतो. वाहक आरएनए योग्य तें आम्ल घेऊन येतो, आणि रायबोसोम तें मागल्या आम्लास जोडतो. आपल्या पेशींत सेकंदाला सुमारें पांच आम्लें अशीं जोडलीं जातात. थांबण्याचा शब्द आला म्हणजे तयार सांखळी सुटते आणि घडी घालून प्रथिनाचें रूप घेते.

या कणाची सूक्ष्म रचना उलगडल्याबद्दल २००९ सालीं बडोद्यास शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन्, थॉमस स्टाइट्झ व आदा योनाथ यांस नोबेल पारितोषिक मिळालें. रायबोसोम आरएनए व प्रथिनें यांचा बनलेला असला, तरी सांधा जोडण्याचें काम आरएनएच करतो, हें त्यांतून स्पष्ट झालें.

एरंडाचें विष नेमकें याच आरएनएवर घाव घालतें. त्याचें नांव रायसिन. तेंहि एक प्रथिनच. त्याचा एक भाग पेशीस चिकटतो व दुसरा आंत शिरतो. रायबोसोमच्या आरएनएंतील हजारों घटकांपैकीं केवळ एका जागचें 'ॲडेनिन' तो उपटून टाकतो, आणि कण कायमचा बंद पडतो. रायसिनचा एक रेणू मिनिटास हजारांवर रायबोसोम निकामी करूं शकतो. प्रथिनें थांबलीं कीं पेशी मरते. एरंड मात्र स्वतः मरत नाहीं. कारण तो हें विष आधीं निरुपद्रवी रूपांत घडवितो आणि वेगळ्या कोठडींत बंद ठेवतो.

रायसिन तेलांत विरघळत नाहीं. तें पेंडींत राहतें. म्हणून नीट काढलेलें एरंडेल औषधी ठरतें, पण पेंड खतासच योग्य. ती जनावरांपुढें टाकूं नये. मुलानें बीं चावल्याचें कळतांच, तें हसतखेळत असलें तरी, त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. वांति-जुलाब कांहीं तासांनींहि सुरू होतात, आणि या विषावर उतारा नाहीं. वेळेवर केलेली शुश्रूषा हाच आधार.

एवढें ध्यानांत राहिलें, तर आजचें हें गुऱ्हाळ निष्फळ झालें नाहीं असें मी समजेन.